रंगनाथराव शेवटपर्यंत बसले त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून हकीकत लिहिण्यास कारण ऐसे जे, मोठमोठ्या राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ होऊन गेले, तोफा किती, घोडी किती, पडले किती हे सारे कागदावर आले. परंतु जी लढाई माणूस रोज पहाटे तांब्या घेऊन एकटाच लढतो, आणि घरी येऊन लेकराबाळांस कळू देत नाही, ती लिहिणारा कोणी निपजला नाही. मोठ्या लोकांस लाज फार. आम्हांस लाज नाही, म्हणून हे काम आम्हांकडे आले.

नगरकडच्या कर्जत तालुक्यात मौजे बोरखेडी येथे रंगनाथराव नामे खासे कुणबी, चाळीस एकर जिरायतीचे धनी, मिशी झुपकेदार, आवाज असा की बांधावरून हाक दिली तर दुसऱ्या शिवारातले बैल उभे राहावेत. ऐसा पुरुष, आणि त्याच्या सलतनतीच्या ऐन पिछाडीस, जेथे फौज पोचत नाही आणि नजरही पोचत नाही, तेथे सहा वर्षे गनीम ठाण मांडून बसला होता. रोज पहाटे खासा स्वारी परसाकडेस निघे, ती रणात जावी तशी दातओठ खात निघे, आणि परत येई ती भिंतीस हात लावीत. मग दोन प्रहरपर्यंत बुडाखाली निखारा असल्यागत जीव तळमळे. कोणी पुसले तर हुकूम ठरलेला, की कंबर धरली आहे.

आता या गनिमास रसद कोण पुरवी, तर खाशांचाच मुदपाकखाना. पूर्वी खर्ड्याच्या मैदानात पेशव्यांनी निजामाची फौज बुडविली हे सर्वांस ठाऊक. परंतु पाट्यावरच्या खर्ड्याने रंगनाथरावांची रोज दाणादाण उडे, त्याचा पोवाडा कोणी रचिला नाही. हिरव्या मिरचीचा खर्डा, बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, आणि पाणी म्हणाल तर दिवसाकाठी दोन तांबे, कारण विहिरीने तळ दाखविला होता आणि आधी बैल प्यावेत ऐसा घराण्याचा रिवाज. पोटातला ऐवज विटेसारखा कठीण होई. मग पहाटे जे होई ते होई.

रंगनाथरावांनी या गनिमाचे नाव आपल्या मनानेच मूळव्याध ऐसे ठरविले. कोणास दाखविले नाही, कोणी पाहिले नाही, आणि न पाहता मसलती सुरू जाहल्या. मिरजगावच्या बाजारातून मूळव्याधीची अंगठी आली, ती बोटात रुतली आणि बोट सुजले. सुरणाचे कंद जाहले. मांत्रिकाची मुळी कमरेस बांधली, ती खुपू लागली तेव्हां दोन ठिकाणी दुखणे जाहले. एका वैदूने बिब्ब्याचे तेल दिले, ते लाविले त्या दिवशी रंगनाथरावांनी शिवाराभोवती धावून तीन फेऱ्या मारल्या, आणि गावाने तारीफ केली की या वयातही काय पाय आहेत. ऐसी सहा वर्षे भलत्याच शत्रूशी लढण्यात खर्ची पडली.

शके अठराशे सदुसष्टच्या माघात खरा पेच पडला. कन्यारत्न रतनबाई, वय वर्षे सतरा, हिच्यासाठी देवळाली प्रवऱ्याहून स्थळ चालून आले. मुलगा सहादेव, सातवी पास, घरी कालव्याखालचा ऊस, गुऱ्हाळ स्वतःचे. रतनबाईने त्यास मावसबहिणीच्या लग्नात पाहिले होते, आणि पाहिल्यापासून बाईसाहेबांचे दळणाच्या ओव्यांत लक्ष लागत नव्हते, हे तिच्या आईने, साळूबाईने, पुरते ओळखले होते. मुलाचे वडील आसारामबापू अकरा पंच घेऊन बोरखेडीस दाखल जाहले, आणि मुलीचे मामा गहिनीनाथ मध्यस्थ म्हणून मधोमध बसले.

त्या मुलखातील कायदा ऐसा की, बोलणीची जाजम एकदा अंथरली म्हणजे सुपारी फुटेस्तोवर दोन्ही घरच्या कर्त्यांनी उठू नये. पाणी प्यावे, तंबाखू मळावी, भांडावे, परंतु बूड हलवू नये. कर्ता उठला म्हणजे स्थळ नापसंत. तोंडाने न बोलता नकार देण्याची ती रीत होती. रात्री पाहुण्यांस काळ्या मसाल्याचे मटण घातले होते, आणि यजमानाने हात आखडता घेणे अशोभनीय म्हणून रंगनाथरावांनीही पंक्तीत रस्सा वरपला होता. त्याचा जाब सकाळी परसाकडेस द्यावा लागला, आणि तैसेच येऊन ते जाजमेवर बसले. आसारामबापूंस बोलण्याचा भारी सोस. त्यांनी आपल्या आजोबांपासून प्रारंभ केला. ते पणजोबांकडे मागे गेले तेव्हां रंगनाथरावांनी डावी बाजू उचलली. कालव्याच्या खोदाईशी आले तेव्हां उजवी उचलली. डोळ्यांत पाणी उभे राहिले, पंचांस वाटले लेकीच्या मायेने. आणि आता मूळ मुद्द्यावर यावे ऐसे बापू म्हणतात तोच गनिमाने असा हल्ला चढविला की रंगनाथराव ताडकन उठून उभे राहिले.

बैठक मोडली. बापूंनी फेटा चढविला, पंच उठले, जाजमेवर पानाचे तबक तैसेच राहिले. गहिनीनाथांनी मागे धावून, दावणीचा बैल सुटला म्हणून दाजी उठले, ऐसी सफाई दिली. आणि बैल दावणीस बांधलेला, चघळत सर्वांकडे पाहत होता. रंगनाथरावांस एक वाक्य बोलता आले असते. ते बोलले नाहीत. अकरा परक्या पंचांपुढे त्या जागेचे नाव काढण्यापेक्षा मरण बरे ऐसे त्यांना वाटले, आणि मरण लेकीच्या वाट्यास गेले.

रतनबाईने त्या दिवसापासून बापाशी बोलणे टाकले. आरडाओरडा नाही, रडणे नाही. भाकरी वाढी, पाणी ठेवी, आणि तोंड फिरवी. तिची खात्री जाहली की आण्णांस मुलगा पसंत नव्हता. महिनाभर रंगनाथरावांनी ते सोसले, आणि आतून माणूस पार खचला. तशात गहिनीनाथांनी खबर आणिली की बापूंकडे राहुरीचे दुसरे स्थळ आले आहे आणि अक्षय्यतृतीयेस तेथे सुपारी फुटणार. तेव्हां एके दुपारी रंगनाथराव चुलीपाशी उभ्यानेच गेले आणि सहा वर्षांची गुप्त गोष्ट साळूबाईपुढे ओतली. साळूबाई आधी हसली, मग रडली, मग तिने हुकूम फर्माविला की उद्या मिशनच्या दवाखान्यात चला, न गेलात तर गावात मी स्वतः सांगते.

दवाखान्यात एलिझाबेथबाई नामे नर्स, वय पन्नास, हाताखालून अर्धा तालुका जन्मास घातलेली. रंगनाथरावांनी प्रथम डोके दुखते म्हणून सांगितले, मग कंबर, मग पोट. बाई एकेक मुक्काम ऐकून घेत राहिली आणि शेवटी कुशीवर झोपा म्हणाली. चाळीस एकरांचा धनी भिंतीकडे तोंड करून, धोतराचा सोगा तोंडात कोंबून पडला. सहा वर्षांत त्या ठाण्याकडे प्रथमच कोणी डोळ्यांनी पाहिले. पाहण्यास जितका वेळ लागला तितक्यात तंबाखूची चिमूटही मळून होत नाही.

बाई म्हणाली, "ही मूळव्याध नाही, दादा. ही चीर आहे, कुंथून कुंथून तिथलं कातडं फाटलंय. सहा वर्षं तुम्ही दुसऱ्याच रोगाला औषध दिलंत."

मग फर्मान निघाले. सकाळ-संध्याकाळ पसरट भांड्यात सोसेल इतके ऊन पाणी घेऊन त्यात घटकाभर बसावे. रोज रात्री इसबगोल आणि दुधातून तूप घ्यावे. पाणी बैलांआधी प्यावे. मिरची बंद, कुंथणे बंद, अंगठी काढून टाकावी. मलमाची डबी दिली आणि महिन्याचा वायदा केला. रंगनाथराव बाहेर आले ते काहीसे रागावलेच होते, कारण इतक्या थोर दुखण्यास इतका साधा उपाय त्यांस अपमानासारखा वाटला.

तरी वेढा पडला. परसात कुडाचा आडोसा उभा राहिला, त्यात तांब्याचे घंगाळ, आणि दिवसातून दोन वेळा रंगनाथराव त्यात सिंहासनारूढ होत, फेटा बांधलेला, मिशीस पीळ, खाली वाफ. खर्ड्याचा पाटा उपडा घातला गेला. फिके कालवण पाहून गड्यांनी बंड केले, त्यांस मिरची वेगळी देऊन तह जाहला. आठ दिवसांत तळमळ निम्म्यावर आली. विसाव्या दिवशी पहाटे स्वारी परसाकडेहून भिंतीस हात न लाविता परत आली, आणि साळूबाईने तुळशीपुढे साखर ठेविली.

मग शके अठराशे अडुसष्ट, चैत्र वद्य सप्तमीस, गहिनीनाथांस घेऊन देवळालीकडे कूच जाहले. नगरपर्यंत कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, जिचा प्रत्येक धक्का नेमका त्याच पत्त्यावर पोचे. पुढे राहुरीपर्यंत आगगाडीत जागा असून उभ्याने. आणि शेवटी बैलगाडी. रात्री मुक्कामी बापूंच्याच गड्याकडून ऊन पाणी मागून घेतले. कशास, ते सांगितले नाही.

गहिनीनाथांनी आधीच रदबदली करून बापूंस एका बैठकीपुरते राजी केले होते, म्हणून अष्टमीस बापूंच्या ओसरीवर जाजम पडली. तेच अकरा पंच. रंगनाथराव मांडी घालून बसले आणि बसून राहिले. बापूंनी आज पणजोबांस हात लाविला नाही. त्यांनी एकच सवाल टाकला की, मागे उठला ते का, ते सांगा. जो माणूस कारणाशिवाय एकदा उठतो तो लग्नातूनही उठेल, मग आमच्या पोराची शोभा. गहिनीनाथांनी घाईने बैलाचा विषय काढिला. पंचांत खसखस पिकली. रंगनाथरावांनी मेहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यास गप्प केले. भर दरबारात धोतर फिटल्यागत वाटू लागले. आणि डोळ्यांपुढे तोंड फिरविलेली लेक आली.

"बैल न्हाई सुटला," रंगनाथराव म्हणाले. "मला बसायच्या जागी चीर पडली हुती. सा वरसं झाली. त्या दिशी बसवंना म्हनून उठलो. तुमचं पोरगं मला पसंत हाय आन् माझ्या पोरीला बी हाय. दोष हाय तो माझ्या बुडाचा. तिचा न्हाई."

बापूंनी पंचांकडे पाहिले, पंचांनी जमिनीकडे पाहिले. मग बापूंनी पोरासोरांस आणि दाराआडच्या बायकांस वाड्याबाहेर घालविण्याचा हुकूम केला, कवाडे लाविली, रंगनाथरावांजवळ सरकले, आणि सरकताना त्यांचीही एक बाजू किंचित उचललेली होती.

आणि हलक्या आवाजात पुसते जाहले, "पानी किती ऊन लागतं?"

त्यानंतर घटकाभर सोयरिकीचे नाव कोणी काढिले नाही. अकरांपैकी पाच पंच उघडपणे जाहीर जाहले. एक म्हातारे बारा वर्षे अंगठी वागवीत होते, त्यांनी ती तेथेच उपसून काढिली. एकाने इसबगोल कोठे मिळते ते पुसले, दुसऱ्याने मलमाचा रंग पुसला, आणि एलिझाबेथबाईचे नाव सर्वांनी ऐसे पाठ केले की शाळेत इतके पाठ केले असते तर मामलेदार जाहले असते. मग कोणास तरी आठवण जाहली आणि सुपारी फुटली. फुटली तेव्हां दिवस मावळतीस गेला होता, आणि दोन्ही कर्ते जागचे हलले नव्हते.

दशमीस स्वारी बोरखेडीस पोचली. रतनबाई दारात उभी होती; स्वारी निघाल्यावर साळूबाईने तिला सारे सांगितले होते. गहिनीनाथ बातमी देण्यास तोंड उघडणार तोच तिनेच पुसिले, दोन महिन्यांनी, बापाकडे सरळ पाहून, "आन्ना, किती येळ बसला?"

"सुपारी फुटंस्तवर," रंगनाथराव म्हणाले.

येणेप्रमाणे चैत्र मासी मौजे बोरखेडीकरांस एकदम दोन फत्ते जाहल्या. सोयरीक जमली ती पहिली लिहावी ऐसा आमचा बेत होता. परंतु खाशांनी मसुदा ऐकून तो खोडिला, आणि हुकूम केला की, लेक बोलली ते आधी लिहा. सबब तैसे लिहिले आहे. लेक बोलली. सोयरीकही जमली.