रिझ्यूम करा

पाय मोडून दीड महिना घरी बसलेल्या ज्योतीरामला शनिवारी चाकणच्या कंपनीतून मेसेज आला. इंग्रजीत. त्यातला सोमवार आणि आठ वाजता त्याला कळले. 'रिझ्यूम' तर पुरतं कळलं, कारण त्याचा मेहुणा सुजित दोन वर्षं तोच कागद घेऊन हिंजवडीत नोकरी शोधत होता. रिझ्यूम म्हणजे बायोडाटा. ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अकरा वर्षं झाले पत्र्याची प्रेस चालवायलोय, अन् आता बायोडाटा मागायलेत," तो बायकोला म्हणाला. "काढायचं असंल तर सरळ सांगा म्हणावं."

एक फोन करून विचारा, असं बायकोने, यशोदाबाईंनी, सुचवलं. पण रागावलेला माणूस विचारत नसतो, सांगत सुटतो. त्याने लाइनवरच्या पाच जणांना फोन केले. नव्या एचआर मॅडम जुन्या लोकांना घरी बसवणार, ही बातमी रविवारपर्यंत पक्की झाली. मागायच्या आधीच तोंडावर फेकू, असं ठरलं. सुजितने सहा बायोडाटा एकाच साच्यातून काढले, त्यामुळे सहाही जणांचा छंद पोहणे झाला.

सोमवारी आठला सहा जण हजेरीचा अंगठा न लावता तेजस्विनी मॅडमच्या दारात उभे राहिले. मॅडम साडेआठला आल्या. तोवर प्रेस थंड होत्या आणि डोकी तापलेली.

ज्योतीरामने कागद टेबलावर आपटला.

"नोकरी सोडताय?" मॅडमनी विचारलं.

"तुमीच मागितला ना रिझ्यूम."

मॅडमनी मेसेज पाहिला आणि त्यांचाही पारा चढला. "अहो, रिझ्यूम म्हणजे कामावर परत या. बायोडाटावाला शब्द फ्रेंचमधून आलाय, त्याला रेझ्युमे म्हणतात."

"स्पेलिंग?"

"तेच."

"मंग 'कामावर या' लिहायला हात दुखत होता का?"

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. आठला अंगठा नाही, म्हणून सहाही जण गैरहजर लागले होते. ज्योतीराम तर कामावर रुजूच झाला नव्हता. अकरा वर्षांची नोकरी टिकवायची तर लेखी खुलासा हवा, तोही पुण्याच्या मोठ्या ऑफिसला.

ज्योतीरामने आपला बायोडाटा ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रागारागाने लिहिलं: 'रिझ्यूम द्यायला आलो, म्हणून रिझ्यूम व्हायचं राहिलं.' मग तो लंगडत प्रेसकडे निघून गेला.

मोठ्या ऑफिसला मराठी चालत नसे. मॅडमनी ती एक ओळ इंग्रजीत करायला घेतली. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्या ती पाचव्यांदा खोडत होत्या.