शून्य कचऱ्याचा चंबू

मी सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच, विश्वास बसावा अशा गोष्टी सांगायला वर्तमानपत्रं आहेत.

उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः तसूभरही न बदलता इतरांत बदल घडवून आणतो. (ज्या घरात सासरा आहे, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.) माझी सून ज्या प्रयोगशाळेत आहे, तिथे असा एक उत्प्रेरक होता. करडी पूड. ती एका खास द्रवात घोळायची, चंबूत कारखान्याचा धूर सोडायचा, की धुराचं तेल व्हायचं. आमच्या दाराची बिजागरी त्याच तेलावर चालते.

पण तिथले साहेब पडले काटकसरी. पृथ्वीचं काही वाया जाता कामा नये, हा त्यांचा बाणा. प्रत्येक प्रयोगानंतर पूड आणि द्रव धुऊन, गाळून परत मिळवायचे आणि चंबू खुणेपर्यंत पाण्यानं भरून घ्यायचा. पाणी खुणेला टेकलं की मालाची वसुली शंभर टक्के. दर धुण्याला चिमूटभर माल मोरीत जाई. (मोरीतली झुरळं त्या काळात फार तकतकीत दिसत.) अखेर चंबूत उरलं निव्वळ पाणी. वसुली शंभर टक्केच.

अशात तपासणी समिती येणार म्हणून कळलं. समितीला पटलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि सूनबाई घरी. (घरी दिवसभर मी असतो. तिची झोप उडाली.) ती साहेबांकडे गेली.

"सर, चंबूत नुसतं पाणी आहे."

"पाणी विषारी आहे का?"

"नाही. पण तेल होत नाही."

"कचरा होतो?"

"तोही नाही."

"मग अडलं कुठे, बाई?"

बाईंना घर आठवलं. त्यांनी जाऊन चंबू खुणेपर्यंत भरून घेतला.

समिती आली. ढवळणी दिवसभर पाणी ढवळत राहिली. निष्कर्ष असे: कचरा शून्य. दुर्गंधी शून्य. उत्प्रेरकाची झीज शून्य (नसलेली वस्तू झिजत नाही, हे शास्त्राला धरूनच आहे). एका सदस्यानं चंबूला हात लावून पाहिला, तो गार लागला आणि उष्णतासुद्धा वाया जात नाही म्हणून त्याचे डोळे पाणावले. प्रयोगशाळेला वरचा मजला मिळाला. आता तिथे हौदाएवढा चंबू आहे.

हे सगळं मी इमारतीखालच्या बाकावर सांगत होतो. मंडळींच्या माना डोलत होत्या. "प्रगती आहे," शेजारचे काका म्हणाले. मग मीही जरा रंग भरला. "तेवढ्यात समितीतला एक जण उठला आणि म्हणाला, पण यातून तयार काय होतं?"

कामावरून परतणारी सून मागे कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे.

"बाबा, एवढं मात्र खोटं. असं कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आज घरी असते." मग तिनं बाकावर नजर फिरवली. "आणि काका, तुम्ही मंडळींनी तरी कुठे विचारलंत?"