चाचांचं नारिंगी रीळ

आमचे शेजारी चाचा फुलाचा वास कधी घेत नाहीत. ते खिशातून नारिंगी दोऱ्याचं रीळ काढतात, पाकळीला भिडवतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "तांबडं हाय. चालनार न्हाई."

भोरच्या बाजारात चाचांनी उभा जन्म शिवणकाम केलं. म्हातारपणी मशीन विकलं, रीळ ठेवलं. अंगणात फक्त नारिंगीला प्रवेश. दसऱ्याला झेंडू, संक्रांतीला कौलांवर चढलेली संक्रांतवेल, उन्हाळ्यात अबोली. मी एकदा हौसेने मोगऱ्याचं रोप दिलं. चाचांनी ते अदबीने घेतलं आणि माझ्याच कुंपणात लावून दिलं.

आषाढ-श्रावण मात्र त्यांना छळायचे. आमच्या पावसात झेंडू आडवा होतो, अबोली कुजते. चाचा तोंड एवढंसं करून खिडकीत बसायचे.

गेल्या श्रावणात वेल्ह्याला जाताना एसटीतून त्यांना एका बांधावर कळलावीची वेल पिवळ्या-नारिंगी फुलांनी फुललेली दिसली. पुढच्या थांब्यावर उतरून ते भिजत मागे आले आणि शेजारच्या झुडपाला नारिंगी दोरा बांधून ठेवला. उन्हाळ्यात, वेल वाळून गेल्यावर, त्याच खुणेवर त्यांनी कंद उकरून आणला.

आळीत बोंबाबोंब झाली. दारात कळलावी लावली की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडे पक्कं मानतात. चाचांना समजवायला मला पाठवलं.

"चाचा, घरात भांडण लागेल हो!"

कंदावर माती लोटत ते म्हणाले, "लागंल की. पर बाई, भांडायला घरात दुसरं कोन हाय?"

चाची होत्या तेव्हा दोऱ्याच्या रंगावरून रोज खटके उडायचे. "तुमाला रंग कळतो का?" हे त्यांचं वाक्य भिंतीपलीकडे आम्हाला पाठ होतं. मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप परत आले.

यंदा श्रावणात कळलावी फुलली. आधी पिवळी. चाचा रोज रीळ लावून बघायचे आणि मान हलवायचे. मग एका सकाळी आरोळी आली, "बाई! आवो बाई, हितं या!"

भर पावसात, छत्रीशिवाय, फुलाला रीळ लावून चाचा उभे होते. "जुळला! आता बारा म्हैनं नारिंगी!"

रंग अगदी तंतोतंत जुळला होता. तरी मी मान तिरकी केली. "तांबड्यात जातोय, चाचा. तुम्हाला रंग कळतो का?"

चाचांनी रीळ माझ्या डोळ्यांपुढे धरलं. मग कडाडले, "मला रंग शिकिवता? टेलरला?"

पावसात आम्ही मनसोक्त भांडलो. आळी खिडक्यांत जमली. चाचांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"बगा, लागलं का न्हाई भांडान!" ते सगळ्यांना ओरडून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उद्या चष्मा लावून या, बाई. आनि मग बोला."