अकरा मिनिटांचा उजेड

"जगात न सुटणारा बिघाड नसतोच. नीट न मोजलेला बिघाड असतो!"

विपुलनं हे रविवारी सकाळी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात मल्टिमीटर, खिशात वही, आणि पाठीशी एम.एस्सी. फिजिक्स, प्रथम श्रेणी. खाली त्याची आई मैनाबाई स्टूल धरून उभी होती.

"मंग मोज अन् उतर. पाच वाजता पाव्हणे येऊन राहिले."

पाहुणे अकोल्याचे. पंधरा दिवसांपूर्वी विपुल तिकडे जाऊन आचलला पाहून आला होता, आणि तेव्हापासून त्याला जेवणाची चव कळत नव्हती. आचल शाळेत विज्ञान शिकवत होती. तिला हवेच्या दाबावर बोलताना ऐकून त्याचा स्वतःचा दाब वाढला होता! आता मुलीकडचे अमरावतीला घर पाहायला येणार होते. घर पाहणं म्हणजे नुसता चहा नसतो. पाहुणे नळ सोडून पाहतात, कडी लावून पाहतात, भिंतीवर बोट टेकवून ओल पाहतात. त्यातून आचलचे वडील गोवर्धनराव वीज खात्यात चौतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. आणि विपुलनं फोनवर आचलला सांगून ठेवलं होतं, "हॉलचं सगळं लायटिंग माझं डिझाइन आहे."

"अय्या! बाबांना सांगते," ती म्हणाली होती.

तिनं सांगितलंही. आणि दोन दिवसांपासून पीओपीच्या पोकळ छतात बसवलेले ते बाराच्या बारा गोल एलईडी एसटी स्टँडवरच्या टवाळ पोरांसारखे डोळे मारत होते!

विपुलनं दिवे लावले, घड्याळ लावलं. दिवे शांत. अकराव्या मिनिटाला पहिला लवलवला, मग दुसरा, मग सगळेच. वहीत नोंद झाली: अकरा मिनिटं.

"कूलर!" तो ओरडला. "कूलरची मोटर व्होल्टेज खाते!"

दिवे बंद केले, कूलर बंद केला, प्लग तपासला, अर्धा तास खटपट केली. बाहेर चव्वेचाळीस अंश. मग दिवे लावले. शांत! एक मिनिट, पाच मिनिटं, आठ मिनिटं...

"झालं! पाहा बाबा, याला विज्ञान म्हणतात!"

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याचे वडील पंजाबराव बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. ते काही बोलणार तेवढ्यात, दहाव्या मिनिटाला, दिव्यांनी डोळा मारला.

"तो कूलर लाव आंधी," पंजाबराव म्हणाले. "लाइट मरो, मानूस तं जगू दे!"

कूलर सुरू झाला. मग विपुलनं मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. प्रत्येक वायर आवळली. एक स्क्रू कपाटाखाली गेला, तो काढताना कपाटावरचं गणपतीचं जुनं मखर डोक्यात पडलं. तासाभरानं घामाघूम होऊन त्यानं दिवे लावले. शांत! मैनाबाईंनी हात जोडले. अकराव्या मिनिटाला सोडले.

साडेतीन वाजले. विपुल हॉलमध्ये पिंजऱ्यातल्या बिबट्यासारखा फेऱ्या मारू लागला. घरात सगळं ठीक, म्हणजे बिघाड बाहेरचा! एवढ्यात शेजारून वामनरावांच्या गिरणीची घरघर ऐकू आली आणि त्याचे डोळे चमकले. तो तसाच धावला.

"काका, मोटर बंद करा. तुमच्या मोटरनं आमचे लाइट हलतात!"

"माही गिरणी बत्तीस वर्सापासून हाय," वामनराव पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणाले. "तुहे लाइट कालचे. कोनं कोनाले हालवलं?"

"काका, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"असं सांग ना मंग! करतो बंद. पन या बायांले तूच समजाव."

रविवारची गर्दी होती. सात बाया गव्हाचे डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांची पुढारी गंगूबाई. विपुलनं वाकड्या-तिकड्या शब्दांत व्होल्टेज समजावलं.

"म्हंजे लाइट सुदरल्याबिगर पीठ नाई?" गंगूबाईंनी डबा काखेत मारला. "चाला वं बायांनो, लाइटच पाहू!"

अशा रीतीनं पावणेपाचला हॉलमध्ये सात बाया, सात डबे आणि विपुल, सगळे माना वर करून बसले होते. दिवे नुकतेच लावले होते. शांत, स्थिर! आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

"बाप्पा! एवढे नातेवाईक?" गोवर्धनराव आचलसोबत आत येत म्हणाले.

"शेजारचे हायेत," पंजाबराव घाईनं सदऱ्याची बटणं लावत म्हणाले. "लय जीव हाय सगळ्याइचा."

पन्हं आलं. गोवर्धनरावांची नजर छतावर गेली, तिथं खिळली आणि मान हलली. "सुरेख."

विपुल अर्धा इंच उंच झाला. आचलनं त्याच्याकडे पाहून किंचित हसून घेतलं. आयुष्य सुंदर होतं.

"कारे पोट्ट्या," गंगूबाई मध्येच म्हणाल्या, "गिरनी सुरू कराची का आता?"

आणि दिवे लवलवले.

गोवर्धनरावांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "डिझाइन कोनाचं म्हने?"

"माझं... म्हणजे... गिरणी..."

"गिरनी बंद हाय!" सात आवाज एकदम आले.

आचल पुढे झाली. "लावून किती वेळ झाला?"

विपुलनं गुन्हेगारानं कबुलीजबाब द्यावा तशी वही पुढे केली. तिनं वाचली. "अकरा, मग दहा, मग अकरा. हे दहा कधी?"

"कूलर बंद होता तेव्हा."

"म्हणजे हॉल गरम असताना लवकर लवलवले. आणि तुम्ही दरवेळी दुरुस्तीसाठी बंद केले की थंड होऊन चालले. अहो, वर काहीतरी तापतंय!"

गोवर्धनरावांनी दिवे बंद करवले, कडक इस्त्रीचा सदरा सांभाळत स्टुलावर चढले आणि एक दिवा दोन बोटांनी खाली ओढला. दिव्यासोबत आला कापूस! पांढराशुभ्र, भसाभस, गोवर्धनरावांच्या टकलावर, पन्ह्यात, गंगूबाईंच्या डब्यावर. भोकात हात घालावा तेवढा कापूस!

सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं.

"हॉल तापते म्हून टाकला," ते शांतपणे म्हणाले. "कोपऱ्यातल्या झाकनातून, काडीनं ढकलून. भातकुलीच्या वावरातला हाय, घरचा. दोन पोते."

"कधी?"

"शुक्रवारी. तू हाफिसात होता."

"बाबा! सकाळपासून समोर बसलाय, सांगायचं ना!"

"तू इचारलं कुठी? तू तं मीटरलेच इचारून राहिला होता! अन् दिव्याजोळ कापूस काही आज ठेवला का? बापजाद्यापासून दिवा कापसावरच जळते!"

गोवर्धनरावांनी एक पुंजका उजेडात धरला. कडेनं तो पिवळा पडला होता. "हे जळालेच लागलं होतं, पंजाबराव. अजून म्हैनाभर गेला असता तं आमी घर नाही, राख पाहाले आलो असतो."

मग कुणी हसलं नाही. सगळेच कामाला लागले. बायांनी ओच्यात कापूस झेलला, विपुलनं झाकणातून ओढला, आचलनं पोत्यात भरला. दिवे पुन्हा लागले ते अकरा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर ढिम्म हलले नाहीत. पाहुणे अंगावरचा कापूस झटकत गाडीत बसले. होकार-नकाराबद्दल अवाक्षर नाही!

त्यानंतर विपुल जो अस्वस्थ झाला! फोन वाजला की उडायचा, नाही वाजला की फोन बिघडलाय म्हणून रेंज मोजायचा. आचलला मेसेज करावा तर शिष्टाचार आडवा, आणि तिच्या वडिलांना विचारावं तर तोंड नाही. स्वतःला नापास करून तो मोकळा झाला होता.

पुढच्या सोमवारी गोवर्धनरावांचा फोन आला. पंजाबरावांनी स्पीकर लावला. विपुल भिंतीला टेकला.

"पंजाबराव, तुमच्या हॉलमधून घरी आलो अन् आमचा हॉल भट्टी लागून राहिला! आमच्या छतात लाइट नाईत, भिंतीवर ट्यूब हाय. दोन पोते कापूस पुरन का?"

"पुरन ना! पाठोतो," पंजाबराव खुलले. "पन पाव्हणे, ते... पोरीचं काय म्हनता?"

"पोरीचं? अरे बाप्पा! तिनं तं त्याच दिवशी वापस येतानी, बडनेरा याच्या आंधीच हो म्हटलं! तुमाले सांगाचं राहूनच गेलं का?"

विपुल खाली बसला. आठ दिवस. म्हणजे अकरा हजार पाचशे वीस मिनिटं. आणि यातलं एकही त्यानं बरोबर मोजलं नव्हतं!