शिडाच्या बोटीवरचे एकसष्ट टक्के

निघायच्या आठवडाभर आधीच जावयाने सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं होतं, की या खेपेला बोटीवर कुणी कोमट पाणी पिणार नाही, कुणी शेगडीपुढे फुंकर मारत बसणार नाही. घरात जे जे विजेवर चालतं ते ते बोटीवर चालेल. "आणि त्याची जबाबदारी माझी," असं म्हणून त्याने छातीवर हातही ठेवला.

तो घरगुती उपकरणांच्या दुकानात गिऱ्हाइकांना प्रात्यक्षिकं दाखवायचा. गाजराचा रस काढता काढता तो असं काही बोलायचा, की दात काढायला निघालेला माणूस दात तसाच ठेवून मिक्सर घेऊन घरी जायचा. आता दुकानात नवा माल आला होता: पॉवर स्टेशन. नाव ऐकून धरण आणि मनोरे डोळ्यांपुढे येतात, पण ती असते हँडल असलेली एक जड पेटी. आत बॅटरी, बाहेर घरच्यासारखी प्लगची भोकं, आणि पुढच्या पडद्यावर किती टक्के वीज उरली त्याचा आकडा. जावयाने स्वतःचंच प्रात्यक्षिक स्वतःला दाखवलं आणि त्याला ते पटलं.

बोट होती बायकोच्या थोरल्या भावाची. हा दादा धंद्याने सुतार, आणि बोलण्यात असा काटकसरी, की शब्दाला रंधा मारूनच बाहेर काढायचा. पाच वर्षं खपून त्याने ती जुनी शिडाची बोट स्वतःच्या हाताने नीट केली होती. सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून त्यांना दोन दिवस समुद्रावर फिरवून आणायचं त्याने ठरवलं होतं. चौघंच जण: सासरे, दादा, त्याची बहीण म्हणजे जावयाची बायको, आणि हा जावई.

जावयाने पेटीबरोबर विजेची शेगडी, किटली, लहान फ्रिज आणि उन्हात पसरायचा सोलरचा पत्रा आणला. या सगळ्यापुढे त्याच्या कपड्यांना जागाच उरली नाही, म्हणून पँट एकच, अंगावरची. दादाची गॅसची शेगडी आणि बर्फाचा डबा त्याने आग्रह करकरून धक्क्यावरच्या खोलीत ठेवायला लावला. दादाने एकदाच विचारलं, बरोबर असू दे का. जावई म्हणाला, "दादा, विश्वास ठेवा." दादाने ठेवला.

पहिला दिवस मात्र खरंच त्याचा होता. भर समुद्रात चहा उकळला, अंडी तळली गेली, फ्रिजमधून गार पाणी निघालं. सासरे तर लहान मुलासारखे पेटीभोवती फिरत होते. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. हात अजून पक्का होता, पण ऐकू येणं गेलं होतं, आणि दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवलेली होती. ती काढली की कुणी अगदी जवळून गळा फाडून ओरडल्याशिवाय त्यांना नुसते ओठ हलताना दिसत. संध्याकाळी त्यांनी फार संकोचाने विचारलं, "जावईबापू, माझी ही यंत्रं इथे चार्जिंगला लावली तर चालतील का? फार वीज खातील का?"

"बाबा, अशी हजार यंत्रं लावा," जावई म्हणाला.

सोलरच्या पत्र्याने एवढी एकच खोडी केली, की त्यावर सारखी शिडाची सावली पडायची. बोट जरा उन्हाकडे वळवता येईल का, असं जावयाने दादाला विचारलंही. बोट वाऱ्याच्या मर्जीने चालते, असं दादाने सांगितलं, आणि त्या दिवसाचं त्याचं सर्वांत लांब वाक्य तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका लहानशा वाळूच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकला. तिघं छोट्या होडीतून किनाऱ्यावर फिरायला गेले. जावई मागे राहिला. पेटीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच, असं त्याचं म्हणणं. पडद्यावर आकडा होता एकसष्ट. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा त्यात आरामात बसत होता.

पत्रा उन्हाकडे सरकवायला म्हणून तो बोटीच्या मागच्या शिडीच्या पायरीवर उतरला. पायरीवर शेवाळ होतं. क्षणात तो कमरेपर्यंत पाण्यात, आणि हातात शिडीचा एक दांडा. जिवाला काही झालं नाही, पण आदल्याच दिवशी त्याने बायकोला बोटीवर कसं चालावं यावर पाऊण तास शिकवलं होतं. ती परत आली आणि तिने ही टपटपणारी पँट पाहिली, तर पुढची दहा वर्षं तिला दुसरा विषय लागणार नव्हता.

तेवढ्यात त्याला बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आठवला. खाली केबिनमध्ये टॉवेल गुंडाळून बसून त्याने पँट मांडीवर घेतली आणि एकेक पाय फुगवत वाळवायला सुरुवात केली. कापड जाड होतं. खिसे तर वाळायचं नावच घेईनात. अर्ध्या तासाने पँट कोरडी झाली, त्याच सुमाराला ड्रायर आपोआप थांबला. त्याने पडद्याकडे पाहिलं. शून्य. शेजारी फ्रिज एकदा घरघरला आणि गप्प झाला.

होडीची वल्ही ऐकू आली तसा त्याने ड्रायर पिशवीत कोंबला आणि पँट चढवली.

स्वयंपाकाला लागताना बायकोच्याच लक्षात आलं की शेगडी तापत नाही. मग सगळे पेटीभोवती जमले. फ्रिज सोडला तर पेटीला एकच वायर लागलेली होती. ती सासऱ्यांच्या यंत्रांच्या डबीची. सासऱ्यांनी वायर पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सकाळी काढायची विसरलो मी," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं का हे?"

आता खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जावयाने तोंडही उघडलं. पण दुकानातल्या सवयीने त्या तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"त्याचं काय असतं बाबा, या बारीकसारीक वस्तूच गुपचूप जास्त ओढतात."

सासऱ्यांनी मान हलवली. दोन्ही कानांतली यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबी खिशात घातली. दादाने हाताने खूण करून सांगितलं, की ती दिवसभर चालतील, राहू द्या. पण ते म्हणाले, आता रात्री चार्ज होणार नाहीत, तेव्हा जपून वापरलेली बरी. आणि सगळ्यांचं जेवण बुडवलं ते बुडवलंच, वर गप्पा कसल्या ऐकायच्या.

दुपारी सगळ्यांनी पाव आणि काकड्या खाल्ल्या. मुलगी बापाला काहीबाही सांगत होती, वडील नुसते हसून मान डोलवत होते. आपण एका म्हाताऱ्या माणसाचे कान बंद केले आणि तेही एका पँटसाठी, हे जावयाला कळत होतं. पण जसजसा वेळ जाई तसतसं ते सांगणं महाग होत चाललं होतं.

दुपार कलताना वारा वाढला. बोट वळवायची वेळ आली, तसं दादाने सुकाणूवरून ओरडून सांगितलं, "डोकी खाली!" शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जाताना त्याच्या खालचा लाकडी दांडा डेकवरून झपकन फिरतो. बहीण वाकली, जावई वाकला. सासरे पाठमोरे उभे राहून शांतपणे पक्षी बघत होते.

जावयाने काही विचार केला नाही. त्याने पुढे झेपावून सासऱ्यांची विजार धरली आणि त्यांना खाली ओढलं. दांडा त्यांच्या डोक्याच्या बोटभर वरून गेला आणि टोपी घेऊन गेला. टोपी थोडा वेळ लाटांवर दिसली, मग दिसेनाशी झाली. सासरे डेकवर बसल्या बसल्या जावयाचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचलो हो."

दादाने पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली. ती थाप जावयाला चाबकासारखी लागली.

संध्याकाळी ते एका आडोशाच्या खाडीत शिरले. तिथे आधीच तीन बोटी नांगरलेल्या होत्या. शेजारच्या बोटीवरच्या बाईने त्यांची कथा ऐकून भांडंभर उकळतं पाणी दिलं. बहीण त्याचा चहा करायला खाली गेली. सासरे उघड्या डोक्याने पुढच्या टोकाला एकटेच बसले होते. जावई जाऊन त्यांच्याजवळ टेकला.

"बाबा, बॅटरी मी संपवली," तो हळूच म्हणाला.

"काय?"

जावयाने खुणेने विनवलं, की यंत्रं घाला. सासऱ्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. जपून वापरायची होती.

त्याने जरा मोठ्याने सांगितलं. सासऱ्यांनी कानामागे हात धरला आणि समुद्राकडे बघून म्हणाले, हो, आता गार होईल. खाडीतलं पाणी तव्यासारखं सपाट होतं. अशा पाण्यावरून आवाज कुठवर जातो हे जावयाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आता इलाज नव्हता. तो उभा राहिला, पोटात हवा भरून घेतली आणि ओरडला,

"बॅटरी मी संपवली! मी पाण्यात पडलो! पँट वाळवली! हिच्या ड्रायरने! तुमचा काही दोष नाही!"

शेजारच्या बोटीवर चमचा बशीत पडला. पलीकडच्या बोटीवर दोन डोकी वर आली. दादा दोर गुंडाळता गुंडाळता थांबला. बायको हातात कप घेऊन जिन्यातून अर्धी वर आली होती, ती तिथेच राहिली.

सासऱ्यांनी बिघडलेलं घड्याळ उलटंपालटं करून बघावं तसं ते वाक्य मनात फिरवून पाहिलं. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"अहो जावईबापू, मग दोरीवर टाकायची ना. केवढा वारा होता."

आधी शेजारची बाई हसली, मग तिचा नवरा, आणि शेवटी दादा. दादाचं हसू जावयाने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. तो मान खाली घालून उभा होता. तिन्ही बोटींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या होत्या, आणि त्यांवर टॉवेल, सदरे, मोजे वाळून खडखडीत झाले होते.

बायकोने कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. सासऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं. खिशातून डबी काढली, सावकाश एक यंत्र उजव्या कानात बसवलं, दुसरं डाव्या कानात, आणि नीट टेकून बसले.

"हं," ते म्हणाले, "आता बोल."