पॅड अजून ठरले नाई

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्या झाडीपट्टीत पट म्हटला की माणसं हातातलं काम टाकून धावतात आणि निकालाच्या रेषेजवळ एकमेकांच्या खांद्यावर चढून उभी राहतात. आमचे शेजारी शालिकभाऊही पटाला जातात. पण ते रेषेच्या पुढे दीडशे पावलांवर एका बांधावर एकटेच बसलेले असतात, सगळ्या गर्दीकडे पाठ केल्यासारखे. कोणती जोडी जिंकली हे त्यांना कळतसुद्धा नाही. त्यांना पाहायचं असतं ते जोडी थांबते कशी.

"धावाले कोनालेबी जमते, गुरुजी," ते मला म्हणतात. "तिकडं काय पाहाचं?"

शालिकभाऊंनी तीस वर्षं ब्रह्मपुरीच्या एसटी डेपोत ब्रेकचं काम केलं. इंजिनवाले वेगळे, टायरवाले वेगळे, हे फक्त ब्रेकचे. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण मनातून डेपो काही गेला नाही. गल्लीत कोणी नवी गाडी आणली, हार घातला, पेढा हातावर ठेवला की हे पेढा खातात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, "ते जाऊ द्या. थांबते कशी?" मालक एसीचं सांगत असतो, मागच्या कॅमेऱ्याचं सांगत असतो. सगळ्यावर यांचं एकच, "ते जाऊ द्या." माझ्या बायकोने एकदा आपल्या भाच्याचं कौतुक सांगितलं, की पाच वर्षांत तीन बढत्या मिळाल्या, फार वेगाने पुढे चालला आहे. शालिकभाऊ चिंतेत पडले. "मंग थांबन कुठी?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून आमच्या घरी भाच्याचा विषय त्यांच्यासमोर निघत नाही.

घरात दोघंच, ते आणि मुलगी प्रणाली. तिची आई ती चौथीत असताना गेली. पुढे भाऊंनी एकट्याने तिच्या वेण्या घातल्या, डबे केले आणि तिला नागपूरला नर्सिंगला पाठवलं. शिकून आल्यावर ती गावातल्याच एका खासगी दवाखान्यात कामाला जात होती. दिवाळीच्या सुमारास तिला सरकारी नोकरीचं पत्र आलं. मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नेमणूक. आजूबाजूची गावं जंगलात विखुरलेली, बस दिवसातून एखादी. तेव्हा भाऊंनी तिच्यासाठी एक जुनी पांढरी छोटी कार घेतली. आठ दिवसांत तिचं इंजिन, वायरिंग, काचा, सगळं नीट करून टाकलं. राहिले फक्त पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड. आणि इथून आमच्या गल्लीचे हाल सुरू झाले.

भाऊंना मोबाइलवर पॅडचे व्हिडिओ सापडले. एक तांबड्या दाढीचा परदेशी माणूस बर्फात गाडी चालवतो, थांबवतो आणि तासभर बोलतो. भाऊ ते दिवसातून तीनदा पाहत.

"तो काय म्हणतो ते समजते का तुम्हाला?" मी विचारलं.

"भाषा नाई समजत. ब्रेक समजते."

त्यातून त्यांच्या डोक्यात थंडी शिरली. आता आमचं ब्रह्मपुरी हे असं गाव आहे, की मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. इथला माणूस थंडीसाठी खास पॅड शोधतोय हे ऐकून चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसले. पण भाऊंकडे उत्तर तयार होतं. रेसच्या ट्रॅकवर चालणारे कडक पॅड असतात, ते तापले की पकडतात. थंड असताना नुसते घसरतात. साधे मऊ पॅड थंडीतही पटकन धरतात, पण दहा वेळा जोरात ब्रेक मारला की तापून हात टेकतात.

"एक सकायच्या कामाचा नाई, दुसरा दुपारच्या कामाचा नाई," ते म्हणाले. "डिसेंबरात पहाटे पोरगी जंगलातून चालली. समोर चितळ आलं. तिनं पहिला ब्रेक मारला. तवा पॅड काय म्हनन? जरा थांबा बाई, मी गरम होऊन राह्यलो?"

टपरीवरचं हसू ओसरलं. हे मात्र खरं होतं.

मग त्यांनी नागपूरहून चार तऱ्हेचे पॅड आणले. प्रणालीने एके दिवशी फ्रिजमधून सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढायला खालचा खण उघडला, तर जुडीखाली चारही जोड्या ओळीने ठेवलेल्या. पॅड रात्रभर गार करून सकाळी ते कसे लागतात ते पाहायचं होतं. पुढच्या आठवड्यात माझी बायको विरजण मागायला गेली, तर भाऊ गॅससमोर उभे आणि तव्यावर दोन पॅड.

"भाऊ, हे काय भाजता?"

"ट्रॅकचं टेंपरेचर आहे, वहिनी. जरा मागं सरका."

त्यानंतर चार दिवस प्रणालीच्या पोळ्यांना डेपोचा वास येत होता, असं तिनेच मला सांगितलं. हसत सांगितलं, पण डब्यात भात न्यायला लागली.

कोणी विचारलं, "भाऊ, झाली का गाडी?" की उत्तर ठरलेलं, "गाडी झाली. पॅड अजून ठरले नाई."

ट्रॅक हवा होता तोही त्यांनी शोधला. सिंदेवाही रोडवर एका गावाचं पटाचं मैदान धान कापून झाल्यावर मोकळंच असतं. एका रविवारी सकाळी ते मला घेऊन तिथे गेले. मला वाटलं, पाहायला. पण त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवून पट्टा आवळला.

"पोरीसंगं औषधाच्या पेट्या राहतीन. रिकाम्या गाडीचा ब्रेक पाहून काय फायदा? तुमी पेट्यांच्या जागी बसा."

पस्तीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. त्या सकाळी मी औषधाची पेटी होऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा वेळा गेलो आणि अकरा वेळा माझं कपाळ काचेच्या जवळ जाऊन परत आलं. दर वेळी भाऊ उतरायचे, रेषेपासून चाकापर्यंत पावलं मोजायचे, चाकाशी वाकून वास घ्यायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ चांगला की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यात नथ्थूजी नावाचे एक शेतकरी आपली पटाची जोडी सरावाला घेऊन आले. पांढरीशुभ्र, तुकतुकीत जोडी. त्यांनी कारकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावता काय?"

शालिकभाऊ आयुष्यात कधी कोणाशी शर्यत लावणारे नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. मी उतरतो म्हणालो. "पेट्या उतरत नाई," ते म्हणाले. शेजारच्या शेतातला एक बाप्या रुमाल घेऊन रेषेवर उभा राहिला. रुमाल पडला तशी जोडी उडाली. आमच्या गाडीने गिअर बदलेपर्यंत बैलांच्या शेपट्यासुद्धा लहान दिसायला लागल्या होत्या. दुसऱ्या रेषेपाशी आम्ही चांगली वीस पावलं मागे होतो. पण रेष आली आणि भाऊंनी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी बसली. बैल मात्र रेष ओलांडून, बांध ओलांडून, कडेला रचलेले तणसाचे भारे उधळून कोणाच्या तरी तुरीत शिरले. नथ्थूजी त्यांच्यामागे धावत गेले.

भाऊ शांतपणे उतरले, पावलं मोजली आणि मला म्हणाले, "जिंकलो आपन."

पाचेक मिनिटांनी नथ्थूजी तुरीचे डहाळे अंगावर घेऊन परतले. "पन पहिले तं आमीच आलो," ते म्हणाले.

"आले. पन कुठी आले ते पाहा," असं म्हणून भाऊंनी तुरीकडे हात केला.

परत येताना मी म्हटलं, "भाऊ, आता तर ठरले ना पॅड? केवढी छान थांबली गाडी."

त्यांनी रस्ता रिकामा असूनही एकदा ब्रेक दाबून पाहिला. मग म्हणाले, "नाई जी. अजून जरा पाहू."

इथे मला राग यायला लागला. कारण प्रणालीने कामावर हजर व्हायची तारीख एकदा वाढवून घेतली होती आणि आता पुढचा सोमवार हा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी ती हजर झाली नसती तर नेमणूक दुसऱ्या कोणाला गेली असती. एवढी वर्षं घासून मिळवलेली नोकरी, आणि बाप पॅड हुंगत बसलेला. मी तिला म्हटलं, तू बसने जा, गाडी मागून येईल. ती म्हणाली, "पाहू ना काका. बाबा म्हणतात दोन दिवसांत होईल." हे दोन दिवस तिसऱ्यांदा चालले होते.

शुक्रवारी माझी स्कूटर पंक्चर झाली म्हणून मी सलीम मिस्त्रीकडे गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवत होता आणि मी शालिकभाऊंच्या नावाने बोटं मोडत होतो. सलीमने मान वर केली.

"कौनसे पॅड, गुरुजी? वो तो कब के बैठ गये."

"कधी?"

"तीन हप्ते झाले. माझ्याच जॅकवर गाडी चढवली, स्वतःच्या हातानं बसवले. मले हात नाई लावू देल्ला. ना थंडीवाले, ना ट्रॅकवाले. मधले. नागपूरच्या दुकानात पहिल्यांदा हातात घेतले होते म्हने, तेच."

म्हणजे नथ्थूजींच्या बैलांशी लावलेल्या शर्यतीत गाडी थांबली ती याच पॅडवर. म्हणजे माझं कपाळ अकरा वेळा काचेपर्यंत गेलं ते फुकट. मी पंक्चर तसंच सोडून तरातरा शालिकभाऊंच्या घरी आलो. ते बाजारात गेले होते. प्रणाली कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगून टाकलं.

तिने हातातली घडी पूर्ण केली. "माहीत आहे काका," ती म्हणाली. "दवाखान्यात जाताना रोज मीच चालवते ना. पहिल्या दिवशीच पायाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आई गेल्यावर बाबांनी मला एकदासुद्धा जाऊ नको म्हटलं नाही. होस्टेलला गेले तेव्हा नाही, आताही नाही. म्हणवतच नाही त्यांच्यानं. मग हे पॅड काढून बसले." तिने पुढचा कपडा घडीला ओढला. "मलाही कुठे घाई होती? सोमवारी तर निघायचंच आहे. तोवर निवडू द्या त्यांना. तुम्ही काही बोलू नका."

मी बोललो नाही. मी तसा बोलका माणूस आहे, पण ते दोन दिवस गप्प राहणं मला जमलं. शनिवारी भाऊ मला म्हणाले, "पॅड अजून ठरले नाई," तेव्हा मी त्यांच्याशी अर्धा तास मऊ आणि कडक पॅडवर गंभीर चर्चा केली. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो विषय कंटाळवाणा वाटला नाही.

सोमवारी सकाळी गाडीत सामान भरलं. भाऊंनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता. फाटकाशी उभं राहून त्यांनी डेपोतला रिपोर्ट द्यावा तशा आवाजात सांगितलं, "ठरले बाई पॅड. बसवले मी काल. आता काई भेव नाई."

"बरं झालं बाबा," प्रणाली म्हणाली. "मला त्याचीच काळजी होती." ती त्यांच्या पायाशी वाकली, पटकन गाडीत बसली आणि कोपऱ्यावरून वळून गेली.

भाऊ रस्ता रिकामा झाल्यावरही उभेच होते. मी जवळ गेलो तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आज घर लय मोठं लागन, गुरुजी."

मग मी म्हणालो, की माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक पंक्चर काढून आणल्यापासून फार ढिला लागतो आहे, आणि सलीमवर काही माझा भरवसा नाही.

स्कूटरच्या ब्रेकला काहीही झालं नव्हतं. भाऊंनी एकदा दाबून पाहिला आणि त्यांनाही ते कळलं असणार. ते घरात गेले, पाने-पक्कड घेऊन आले आणि आमच्या अंगणात गोणपाट अंथरून बसले.

"दिवसभराचं काम आहे," ते चाक सोडवत म्हणाले.

"मग जेवायला इथेच," माझी बायको आतून म्हणाली, आणि तिने भात जास्तीचा टाकला.