सुरुंग पाच वाजता

खालच्या पार्लरमधले दोघं दिवसभर आपल्याबद्दलच बोलतात, असा नांग एपिंगना, म्हणजे एपिंगमावशींना, संशय होता. फिलिपिन्समधल्या दुमागेतेतलं ते घर त्यांचं, तळमजल्यावर भाडेकरू गीगी आणि तेसा. बाप्तिस्म्यातली नावं हिजिनो आणि तेओदुल्फो, पण त्या नावांनी हाक मारली तर दोघंही ओ देत नसत. बोलीही बायकी नावं घेणाऱ्या त्यांच्या मंडळींची, शब्दाचं तोंड ठेवून धड बदलणारी. भूक लागली की ‘भूगोल लागला’, उशीर झाला की ‘उशी झाली’. एवढं एपिंगना कळायचं. उरलेलं कळत नसे, म्हणजे ते नक्की आपल्याबद्दल असणार.

त्या दुपारी एपिंग जिन्यात थांबून ऐकत होत्या.

"पाच वाजता सुरुंग चौकात येतो गं," गीगी म्हणाला.

"नक्की?"

"रोज येतो. आज मी समोरच उभा राहणार. व्हायचं ते होऊ दे."

"हळू बोल. म्हातारी ऐकेल."

सुरुंग म्हणजे स्फोट, एपिंगना एवढंच कळलं. पाचला चौकात शाळेची पोरं असतात. चपला हातात घेऊन त्या मागच्या दारानं निघाल्या, त्या थेट पोलिसांकडे.

‘सुरुंग’ ऐकताच मोठ्या साहेबांनी चौक रिकामा केला, रस्ता अडवला आणि जुनरिल नावाच्या तरुण शिपायाला एपिंगबरोबर पार्लरकडे पाठवलं.

त्याला दारात पाहून गीगीच्या हातातली कात्री पडली. तेसानं तोंडावर टॉवेल धरला.

"सुरुंग कुठाय?" जुनरिलनं विचारलं.



"उचलून नेऊ का दोघांना?"

"न्या," तेसा टॉवेलातून पुटपुटला.

"बघ दोंग, बाळा, कसे लाल झालेत," एपिंग म्हणाल्या. "काहीतरी लपवतायत."

शेवटी गीगी फरशीकडे बघत म्हणाला, "सर, सुरुंग म्हणजे सुंदर."

"काय सुंदर?"

"काय नाही, कोण. पाच वाजता चौकात ज्याची ड्यूटी लागते, तो."

जुनरिलचे कान तापले. बाहेर अडकलेल्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. कमरेच्या वॉकीटॉकीतून साहेबांचा आवाज आला, "सुरुंग सापडला का?"

"सापडला, सर."

"धोका आहे?"

"अजून नीट कळलं नाही, सर."

एपिंगनी त्याच्याकडे पहिल्यांदाच डोक्यापासून बुटांपर्यंत नीट पाहिलं. मग पार्लरमधली चांगली खुर्ची पुढे सरकवली.

"बस दोंग, दमला असशील. लग्न झालंय का तुझं?"

"नाही, नांग."

"आमची धाकटी लेक संध्याकाळी घरीच असते. वरच राहतो आम्ही."

गीगी आणि तेसानं एकमेकांकडे पाहिलं. आता संशय त्यांना यायला लागला होता.